काम सांगितलं, पण झालं का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा काही जणांना सांगितलं, की पोटापाण्यासाठी जे करता त्यातली एक गोष्ट सगळ्यांना समजेल अशी वीस मिनिटांत सांगा. माझ्या आधी बोललेल्या डॉक्टर मैत्रिणीला ते सोपं होतं. मधुमेह सगळ्यांना समजतो, आपल्या वयात तर जास्तच. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. मोबाईल हळू चालतो, काय करू? आणि मुलाने कोणती ब्रँच घ्यावी? या दोन्हींची उत्तरं चहाच्या वेळी देईन.

आत्ता मी माझ्या कामातला एक साधा, रोजचा भाग सांगणार आहे. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला काम सांगायचं, ते करून घ्यायचं आणि त्याने दिलेलं उत्तर नीट ऐकून घ्यायचं, एवढाच तो भाग आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण माझ्या नोकरीत मी जे सगळ्यात मोठं नुकसान जवळून पाहिलं, ते याच जागी झालं होतं. त्याकडे येतेच, पण आधी थोडी तयारी करावी लागेल.

आपल्या शाळेतली संगणकाची खोली आठवते ना? चपला बाहेर काढायच्या, एका यंत्रासमोर तिघांनी बसायचं आणि काळ्या पडद्यावर 'डीआयआर' टाईप करायचं. एंटर दाबलं की फाईलींची यादी सरसर वर जायची. चित्र नाही, माउस नाही. आपण एक ओळ लिहायची आणि यंत्राने उत्तर द्यायचं. आपली ओळ वाचून योग्य तो प्रोग्राम बोलावणारा जो मधला माणूस असतो, त्याच्यासाठी युनिक्सच्या जगात 'शेल' हा शब्द आहे. शेल म्हणजे कवच. लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्याने साठच्या दशकात हे नाव दिलं. आत यंत्राचा गाभा, बाहेर आपण आणि मधे हे कवच. तुमच्या मोबाईलमध्ये ते दिसत नाही, पण बँका, रेल्वे आरक्षण, दवाखाने यांच्यामागे जी मोठी यंत्रं चालतात त्यांत आजही ते रोज वापरलं जातं. फरक एवढाच, की ती ओळ टाईप करायला तिथे बहुतेक वेळा माणूस बसलेला नसतो. दुसरा एखादा प्रोग्रामच ती ओळ लिहितो आणि उत्तर वाचतो.

असं का करायचं? कारण सगळं घरी करायचं नसतं. आपण गहू घरी दळत नाही, डबा गिरणीत देतो. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर फोटो चढवता. तो लहान करण्याचं काम त्या संकेतस्थळाचा प्रोग्राम बहुधा स्वतः करत नाही. फोटो लहान करण्यात तरबेज असलेला दुसरा एक प्रोग्राम असतो, त्याला सांगतो. व्हिडिओ, छपाई, रात्रीचा बॅकअप, सगळीकडे हीच रीत. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ते करून दाखवलं आणि त्याचं नावच 'पाईप' पडलं. एका प्रोग्रामच्या तोंडातून निघालेलं थेट दुसऱ्याच्या कानात. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत प्रोग्राममधूनच असा पाईप उघडून दुसऱ्याचं उत्तर वाचायची सोय झाली. म्हणजे ही कला आपल्यापेक्षा वयाने मोठी आहे.

आता आपल्या शाळेची नोटीसची वही आठवा. शिपाईकाका ती वर्गात घेऊन यायचे, बाई शिकवता शिकवता थांबायच्या, नोटीस वाचून दाखवायच्या आणि खाली सही करायच्या. वही पुढच्या वर्गात जायची. शेवटी ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर परत आली की सह्या बघून कळायचं, कुठल्या वर्गात नोटीस पोहोचली आणि कुठल्या वर्गात नाही. आपलं सगळ्यांचं लक्ष नोटिशीत काय आहे, सुट्टी आहे की नाही, याकडे असायचं. कार्यालयाचं लक्ष सहीकडे असायचं. आजचं माझं सगळं बोलणं त्या सहीबद्दल आहे.

दुसऱ्या प्रोग्रामला काम सांगितलं की तिकडून तीन गोष्टी परत येतात.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचं उत्तर. मागितलेली यादी, केलेला हिशेब, लहान झालेला फोटो. याला स्टँडर्ड आउटपुट म्हणतात.

दुसरी म्हणजे त्याची तक्रार. फाईल सापडली नाही, जागा संपली, पासवर्ड चुकला. ही वेगळ्या वाटेने येते, तिला स्टँडर्ड एरर म्हणतात. वेगळी वाट का, याची एक छान गोष्ट बेल लॅब्समधल्या स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितली आहे. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे छपाईसाठी फोटोटाइपसेटिंगचं यंत्र होतं. मजकूर पाठवायचा, मग तो लांबलचक कागद घाण वास येणाऱ्या दुसऱ्या एका यंत्रातून काढायचा आणि काही मिनिटांनी अक्षरं दिसायची. एका दुपारी बऱ्याच जणांना एकच अनुभव आला. एवढा खटाटोप करून कागद बाहेर आला तर त्यावर सुंदर टाईपात एकच ओळ होती: अमुक फाईल उघडता येत नाही. प्रोग्रामने तक्रार केली होती, पण उत्तर आणि तक्रार एकाच वाटेने जात असल्यामुळे तक्रारच छापून आली. लोक करवादले. एक-दोन दिवसांत तक्रारीसाठी वेगळी वाट तयार झाली. तेव्हापासून पन्नासेक वर्षं सगळे प्रोग्राम आपलं रडगाणं दुसऱ्या दाराने बाहेर पाठवतात.

या सोयीला एक दुसरी बाजू आहे. वाट वेगळी केली म्हणजे तिथेही कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. घाईत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये उत्तर झेलायला माणूस असतो आणि तक्रारीच्या दाराशी कुणीच नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे सही. काम संपवून जाताना प्रत्येक प्रोग्राम एक आकडा मागे ठेवून जातो. तो ० ते २५५ मधला असतो. ० म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे झालं नाही. गणितात शून्य मिळाल्यावर ज्यांना घरी मार बसला त्यांना हे विचित्र वाटेल, पण त्यात व्यवहार आहे. पास होण्याचा प्रकार एकच असतो, नापास व्हायला विषय अनेक असतात. त्यामुळे यशाला एक आकडा पुरतो आणि बाकीचे सगळे अपयशाचे प्रकार सांगायला मोकळे राहतात. शेलने १२७ सांगितलं तर त्या नावाचा प्रोग्रामच सापडला नाही. १२६ म्हणजे सापडला, पण चालवता आला नाही. १३७ दिसलं तर त्याला मधेच जबरदस्तीने बंद केलं, बहुतेकदा यंत्राची मेमरी संपली म्हणून.

यातला मला सगळ्यात आवडणारा आकडा ग्रेप नावाच्या प्रोग्रामचा आहे. फाईलीत एखादा शब्द शोधायचं काम तो करतो. सापडला तर ०. शोधला आणि सापडला नाही तर १. आणि फाईलच उघडता आली नाही, म्हणजे शोधताच आलं नाही, तर २. वर्गशिक्षिका असलेल्या मैत्रिणींना हा फरक लगेच कळेल. 'आज कुणी गैरहजर नाही' आणि 'आज हजेरीच घेतली नाही', या दोन्ही दिवशी गैरहजरांची यादी कोरीच असते. नुसती यादी पाहून फरक कळत नाही, सही बघावी लागते.

आता ती घटना सांगते. एका मध्यम गावातली रक्त-लघवी तपासणारी प्रयोगशाळा होती. नाव, गाव सांगत नाही. रोज शेकडो रुग्णांचे अहवाल त्यांच्या संगणकात साठायचे. कुणाचा तीन वर्षांचा थायरॉइडचा आलेख, कुणाचं गरोदरपणातलं हिमोग्लोबिन, कुणाच्या किडनीचे आकडे. रात्री दोन वाजता एक प्रोग्राम या सगळ्याचा बॅकअप घ्यायचा. तो दोन जणांना कामाला लावायचा. पहिला डेटाबेसमधून सगळी माहिती बाहेर काढणार आणि पाईपमधून दुसऱ्याकडे देणार, दुसरा ती दाबून लहान करून फाईलीत ठेवणार. काम झालं की मालकांच्या मोबाईलवर संदेश यायचा: बॅकअप यशस्वी. तो रोज यायचा, एकही दिवस चुकला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मुख्य यंत्राची डिस्क गेली. तिथलं काम पाहणाऱ्या मुलाने नवी डिस्क बसवली, बॅकअपची ताजी फाईल उघडली आणि मग आम्हाला फोन केला. मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. ताजी फाईल २० बाइटची होती. म्हणजे किती? 'शाळा' हा एक शब्द देवनागरीत साठवायला १२ बाइट लागतात. सगळ्या गावाचं रक्त दोन शब्दांतही न मावणाऱ्या जागेत होतं. आदल्या दिवशीची फाईल २० बाइट, त्याच्या आदल्या दिवशीची २० बाइट. असं मागे मागे जात आम्ही सात महिने मागे गेलो, तेव्हा पहिली खरी फाईल सापडली.

झालं होतं असं. सात महिन्यांपूर्वी कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, आणि तो बदलणं योग्यच होतं. पण बॅकअपच्या प्रोग्रामला नवा पासवर्ड कुणी सांगितला नाही. रात्री दोनला पहिला गडी दाराशी गेला, त्याला आत घेतलं नाही, त्याने नियमाप्रमाणे तक्रारीच्या वाटेने ओरडून सांगितलं आणि अपयशाचा आकडा ठेवून निघून गेला. तक्रारीच्या दाराशी कुणी उभं नव्हतं. पाईपमधून दुसऱ्याकडे काहीच आलं नाही. दुसऱ्याने ते 'काहीच नाही' प्रामाणिकपणे दाबून लहान केलं. रिकामी गोष्ट दाबल्यावर जे वेष्टन उरतं, ते २० बाइटचं असतं. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं, म्हणून त्याने ० ठेवला. आणि शेलचा मूळ नियम असा, की पाईपने जोडलेल्या रांगेत शेवटच्या माणसाची सही तीच सगळ्या रांगेची सही मानायची. वरच्या प्रोग्रामने ० पाहिला आणि मालकांना संदेश पाठवला.

या साखळीत कुणी खोटं बोललं नव्हतं. पहिल्याने ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्याने मिळालेलं काम केलं होतं. शेलने लिखित नियम पाळला होता. तरी सात महिने दररोज रात्री एक खोटा निरोप जात राहिला.

पुढचे दीड महिने तिथल्या दोन मुली कागदी नोंदवह्या आणि तपासणी यंत्रांच्या छापील पट्ट्या घेऊन बसल्या आणि अहवाल पुन्हा भरत राहिल्या. बरंच परत मिळालं, सगळं नाही. पट्ट्यांवरची शाई उडून गेली होती. या काळात एक वयस्कर गृहस्थ आले. डॉक्टरांनी त्यांना क्रिएटिनिनचे आधीचे आकडे आणायला सांगितले होते. आताचा आकडा एकटा पुरेसा नव्हता, तो वाढतोय किती वेगाने ते बघायचं होतं. त्यांच्याकडे जुने कागद नव्हते. 'तुमच्याकडे असतंच ना सगळं', ते म्हणाले. काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही. मी तिथेच शेजारी बसले होते.

दुरुस्ती किती छोटी होती ते ऐका. शेलला एक ओळ सांगता येते, की रांगेतला कुणीही नापास झाला तर सगळी रांग नापास धर. त्या सूचनेला 'पाईपफेल' म्हणतात. दुसरं, तक्रारीच्या वाटेवर येणारं सगळं एका फाईलीत जमा करायचं आणि संदेशासोबत पाठवायचं. तिसरं, फाईल कालच्यापेक्षा अचानक खूप लहान झाली तर आरडाओरडा करायचा. आणि चौथं, महिन्यातून एकदा बॅकअप खरोखर दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायचा. लोणचं मुरलं का, हे बरणीवरची चिठ्ठी वाचून कळत नाही, फोड काढून खावी लागते.

आता याच कामातले आणखी दोन खड्डे सांगते. पहिला लवकर आटपते.

पाईपमध्ये मावतं किती, यालाही मर्यादा असते. लिनक्समध्ये ती साधारण ६४ केबी असते. समजा माझ्या प्रोग्रामने दुसऱ्याला काम दिलं आणि ठरवलं, की आधी याचं काम पूर्ण होऊ दे, मग उत्तर वाचेन. दुसऱ्याचं उत्तर मोठं निघालं. पाईप भरला. आता तो थांबला, कारण पुढचं ओतायला जागा नाही. आणि मी थांबले आहे त्याचं काम संपण्यासाठी. दोघेही एकमेकांसाठी थांबलो. लग्नात पंगतीला 'आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही' असं चालतं, तिथे निदान कुणाला तरी भूक लागते. यंत्राला भूक लागत नाही, ते तसंच उभं राहतं. गंमत म्हणजे लहान उत्तराला हे कधीच होत नाही, त्यामुळे चाचणीत सगळं सुरळीत चालतं आणि वर्षअखेरीला मोठा अहवाल काढायच्या दिवशीच सगळं अडकतं. उपाय सोपा आहे. काम चालू असतानाच उत्तर आणि तक्रार दोन्ही वाटा रिकाम्या करत राहायच्या आणि किती वेळ वाट बघायची तेही आधी ठरवायचं. पायथॉन भाषेत २००४ पासून 'सबप्रोसेस' नावाची सोय आहे. तिला उत्तर आणि तक्रार दोन्ही गोळा करायला सांगितलं, की दोन्ही वाटा ती एकदम सांभाळते.

दुसरा खड्डा धोक्याचा आहे. तो समजावायला मला मराठीच्या बाईंची मदत लागेल. बाई, तुम्ही पाचवीत आम्हाला शुद्धलेखन घालायचात. 'राम घरी गेला, पूर्णविराम.' पहिल्या आठवड्यात वर्गातल्या निम्म्या मुलांनी वहीत 'पूर्णविराम' असा शब्दच लिहिला होता. आवाज एकच, वाक्य एकच, पण त्यातले काही शब्द लिहायचे असतात आणि काही शब्द पाळायचे असतात. कुठले कुठले, हे कानाला कळत नाही, ते आधीच ठरलेलं असावं लागतं.

शेलचंही तसंच आहे. त्याला आपण एक ओळ देतो. तिच्यातली काही चिन्हं त्याच्यासाठी आज्ञा असतात. अर्धविराम आला की त्याला वाटतं, पहिलं काम संपलं, आता दुसरं. मोकळी जागा आली की वाटतं, एक नाव संपून दुसरं सुरू झालं. आता समजा एखाद्या सोसायटीच्या संकेतस्थळावर सभासदाने आपलं नाव टाकायचं आणि प्रोग्रामने शेलला सांगायचं, 'या नावाची पावती शोध'. सभासदाने नाव टाकलं 'जोशी', तर ठीक आहे. पण कुणी टवाळाने नावाच्या जागी 'जोशी', मग अर्धविराम आणि पुढे 'सगळ्या पावत्या पुसून टाक' असं शेलच्या भाषेत लिहिलं तर? प्रोग्राम भोळेपणाने ते आपल्या ओळीत जोडतो. शेल आधी जोशींची पावती शोधतो आणि मग निमूटपणे सगळ्या पावत्या पुसतो. लिहायचे शब्द त्याने पाळायचे समजले.

ही कल्पित भीती नाही. १९९६ मध्ये 'पीएचएफ' नावाच्या एका छोट्या प्रोग्राममुळे जगभर इशारे द्यावे लागले होते. त्या काळच्या दोन प्रमुख वेब सर्व्हरसोबत, एनसीएसए आणि अपाचीसोबत, तो नमुना म्हणून मिळायचा. करायचा काय, तर दूरध्वनीच्या वहीतून नाव शोधायचा. लिहिणाऱ्यांनी धोक्याची चिन्हं गाळायची काळजीही घेतली होती. फक्त एक चिन्ह यादीत राहून गेलं, ते म्हणजे नवीन ओळ. लोकांनी नाव लिहून पुढे नवीन ओळीचं चिन्ह टाकायला सुरुवात केली आणि त्या ओळीत आपल्या मनाची आज्ञा. दूरध्वनीची वही विचारणारा माणूस थेट यंत्राच्या आत पोहोचला.

त्यातून शिकण्यासारखं हे, की वाईट चिन्हांची यादी करून ती गाळत बसणं पुरत नाही, एखादं सुटतंच. त्यापेक्षा मधला शेलच टाळावा. प्रोग्रामला थेट बोलवावं आणि नाव वेगळ्या पाकिटात घालून द्यावं. पाकिटातलं सगळं नुसतं लिहायचं, त्यातलं काहीही पाळायचं नाही, असा करार. मग आत अर्धविराम असो की नवीन ओळ, ते नावच राहतं. फार तर 'या नावाचं कुणी नाही' असं उत्तर येईल. पायथॉनच्या सबप्रोसेसमध्ये आज्ञा अशी सुट्या तुकड्यांच्या यादीने देता येते आणि आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय तो शेलला मधे आणत नाही. आमच्याकडे नवीन मुलं-मुली कामाला लागली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना ही गोष्ट पूर्णविरामासकट सांगते. बाई, तुमचं नाव न घेता तुमचा धडा बऱ्याच जणांपर्यंत पोहोचला आहे.

आणि शेल मधे आहे हे कधी कधी माहीतही नसतं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये 'शेलशॉक' नावाचा दोष जाहीर झाला. बॅश नावाचा शेल जगातल्या असंख्य यंत्रांत आहे. बाहेरून आलेल्या माहितीच्या एका ठरावीक मांडणीत दडवलेली आज्ञा तो पाळायचा. स्टेफान शाझलास यांना तो दोष सापडला तेव्हा कळलं, की तो १९८९ पासून तिथे होता. पंचवीस वर्षं. संकेतस्थळ चालवणाऱ्या बऱ्याच जणांना आपला प्रोग्राम आतल्या आत बॅशला हाक मारतो, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा समजलं.

मित्रांनो, हे सगळं आज तुम्हाला का सांगते? कारण गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. आपण मराठीत बोलून सांगितलेलं काम समजून घेणारे, स्वतःच शेलच्या आज्ञा लिहिणारे, त्या चालवणारे आणि उत्तर वाचून पुढची आज्ञा ठरवणारे प्रोग्राम आले आहेत. मी ते रोज वापरते, त्यांनी माझं काम खरंच हलकं केलं आहे. पण जुने प्रश्न तसेच आहेत. तक्रारीची वाट कुणी ऐकली का? सही पाहिली का, की नुसतं 'झालं' म्हटलं? आणि पूर्णविरामाची अडचण तर आणखी वाढली आहे. असा प्रोग्राम एखादी फाईल वाचतो आणि त्या फाईलीतच कुणी लिहून ठेवलेलं असतं, 'आता अमुक कर'. वाचायचं वाक्य तो पाळायचं समजू शकतो. इथे पाकिटाचा करार अजून पुरता पक्का झालेला नाही. म्हणून अशा प्रोग्रामला कुठल्या खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या, हे माणसानेच ठरवायला हवं.

तुमच्यापैकी कुणाचा दवाखाना आहे, कुणी पतसंस्थेत संचालक आहे, कुणाचं औषधाचं दुकान आहे, एक जण तर आता एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. तुम्हाला पाईप आणि शेल लक्षात ठेवायची गरज नाही. सोमवारी गेल्यावर तुमचा संगणक सांभाळणाऱ्या मुलाला बोलवा आणि तीन प्रश्न विचारा. रात्रीचं काम बिघडलं तर त्याची तक्रार कुणाकडे येते? 'यशस्वी' हा संदेश नेमकं काय तपासून पाठवला जातो? आणि शेवटचा बॅकअप खरोखर उघडून कधी पाहिला होता? तिसऱ्या प्रश्नाला तो गप्प बसला तर रागावू नका. त्याला एक दिवस मोकळा द्या, एक रिकामं यंत्र द्या आणि शेजारी बसून ती फाईल उघडून बघा. ज्यांच्या फाईली उघडणार नाहीत त्यांनी मला फोन करा. माझा नंबर वर्गाच्या ग्रुपवर आहेच.

मोबाईल हळू चालणाऱ्यांनी चहाच्या टेबलाशी रांग लावावी.